ऑफरोडला टायरची हवा सोडायची घरगुती साधनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की पुण्याहून मुळशी-वेल्ह्याकडे निघणाऱ्या मंडळींचे निरोप सुरू होतात, आणि त्यातले निम्मे टायरच्या हवेबद्दल असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: हवा सोडणं फुकटात जमतं, पण किती हवा उरली हे नेमकं कळणं फुकटात जमत नाही. म्हणून खालचा बहुतेक जुगाड गेजभोवतीच, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरभोवतीच फिरतो.

१. मुळात हवा कमी कशाला करायची? गाडी फोर बाय फोर आहे ना?

फोर बाय फोर चारही चाकांना ताकद देतं. ती ताकद जमिनीला पोचवायचं काम टायरचं. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त टेकतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो. गाडीचं वजन तेवढंच, जागा जास्त, त्यामुळे भुसभुशीत मातीत चाक कमी रुततं. दगडांवर रबर दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतं आणि धरून ठेवतं; फुगलेला टायर त्याच दगडावरून उडी मारतो. शिवाय मागे बसलेल्यांची कंबर वाचते.

कंपनीने सांगितलेला आकडा डांबरी रस्ता, वेग आणि पूर्ण भार धरून काढलेला असतो. ताशी दहा किलोमीटरने मुरमाच्या वाटेवर चाललेल्या गाडीला तो लागत नाही.

२. नेमका आकडा सांगा. किती पीएसआय ठेवू?

पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं माप, आणि सगळ्या गाड्यांना एकच आकडा चालत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा बघा आणि तिथून खाली मोजा. खडी-मुरमाच्या वाटेला साधारण पाऊण, खोल चिखलाला दोन तृतीयांश, मोकळ्या वाळूला निम्मा. ३२ ची गाडी असेल तर अनुक्रमे २४, २१ आणि १६ च्या आसपास. बीडलॉकची (टायरची कड जखडून धरणारी) रिम नसेल तर १५ च्या खाली जाऊ नका. तीव्र वळणावर टायर रिमवरून उतरू शकतो (तसं झालंच तर प्रश्न १६).

पुण्याच्या पश्चिमेला मात्र एक वेगळीच भानगड आहे. आपल्याकडचा काळा पाषाण फुटतो तेव्हा त्याला धार येते, आणि हवा कमी केली की टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फुगून नेमकी त्या धारेसमोर येते. तळावर पंक्चर झालं तर निघतं, साइडवॉल फाटली की टायर गेला. म्हणून वाळवंटातल्या व्हिडिओत १२-१४ वर चाललेल्या गाड्या बघून इकडे तसं करू नका. ताम्हिणी, वेल्हे, पानशेतच्या वाटांना २० ते २४ मध्ये जवळपास सगळं भागतं.

३. त्यासाठी साधन कशाला? किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हमधली पिन दाबली की हवा सुटतेच.

सुटते. काटकीनेही सुटते, दगडाच्या टोकानेही. एका टायरला चालून जातं. चार टायरांना प्रत्येकी काही मिनिटं चिखलात उकिडवं बसून, अंगठा दाबून धरून, मध्ये मध्ये थांबून गेज लावायचं म्हटलं की दुसऱ्या टायरलाच माणूस ‘असू दे एवढंच’ म्हणतो. मग एका टायरमध्ये १९ आणि दुसऱ्यात २५ अशी गाडी चालते आणि ब्रेक लावला की एका बाजूला ओढते. शिवाय किल्ली तिरकी लागली तर पिन वाकते आणि मग ती बंदच होत नाही.

४. शंभर रुपयांच्या आत काय बनेल?

टोपीचा जुगाड. नाना पेठेत टायरच्या दुकानात व्हॉल्व्हच्या लांब पितळी टोप्या मिळतात, चार घ्या. प्लास्टिकच्या नकोत, आटे लगेच सरकतात. आत रबरी वायसर असेल तर काढून टाका. टोपीच्या डोक्यात बरोबर मध्यावर २.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यात एम-३ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. टॅप नसेल तर कोपऱ्यावरचा लेथवाला चहाच्या पैशांत फिरवून देईल. आता बाजूला, डोक्याच्या जरा खाली, २ मिलिमीटरचं दुसरं भोक पाडा. हवा इथून बाहेर पडणार. वरच्या भोकात एम-३ चा बारा-पंधरा मिलिमीटर लांब स्क्रू बसवा आणि त्यावर एक नट चढवा.

टोपी व्हॉल्व्हवर बसवून स्क्रू हळूहळू आत फिरवत जा. स्क्रूचं टोक पिनला टेकलं की बारीक फुसफुस ऐकू येते. तिथून आणखी एक-दीड मिलिमीटर आत, म्हणजे दोन-तीन फेरे. आटा अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे ही मोजणी सोपी जाते. तिथेच नट आवळून टाका. पुढच्या वेळी नुसती टोपी चढवायची, हवा सुटू लागते. चारही चाकांना चढवून गाडीभोवती एक फेरी मारेपर्यंत पहिल्या चाकापाशी गेज लावायची वेळ झालेली असते.

ही टोपी आपोआप थांबत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. टोप्या लावून चहा करायला बसलात तर टायर बसलेला सापडेल. आणखी एक गोष्ट: हवा जसजशी कमी होते तसतशी सुटण्याची गतीही घटते. ३५ वर ज्या वेगाने सुटते त्याच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने ती १८ वर सुटते. म्हणून ‘पाच पीएसआयला एक मिनिट, तर पंधराला तीन’ हा हिशोब चुकतो. घरी एकदा घड्याळ लावून आपल्या टायरचा वेळ मोजून ठेवा.

५. गेजवाला संच स्वतः जोडायचा आहे. काय काय लागेल आणि पुण्यात कुठे मिळेल?

बहुतेकांनी हाच बनवावा असं आम्हाला वाटतं. टायरकडून सुरुवात केली तर क्रम असा: क्लिपचा एअर चक (टायरच्या व्हॉल्व्हवर बसणारं तोंड), हातभर नळी, पितळी टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या एका तोंडाला गेज आणि दुसऱ्या तोंडाला छोटा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे उघडझाप करायची तोटी. बॉल व्हॉल्व्ह उघडला की हवा बाहेर, बंद केला की गेजवर टायरचा आकडा. एवढंच.

टी, बॉल व्हॉल्व्ह, नळीचे निपल हे सगळं पाव इंची आट्यात घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत हे पितळी सामान मिळतं. भोसरीकडे राहत असाल तर एमआयडीसीच्या आसपासच्या न्यूमॅटिकच्या दुकानांत जास्त निवड आहे आणि दुकानदाराला तुमचं म्हणणं एका वाक्यात कळतं. नळी ८ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेनची) घ्या. कारखान्यांत ती टायरच्या हवेच्या तिप्पट दाबावर रोज चालते. पारदर्शक लेव्हल पाइप स्वस्त पडतो, पण उन्हात मऊ होऊन निपलवरून निसटतो. चक घेताना तोंडाने फुंकून बघा: हवा आरपार गेली तर उत्तम, त्यातून टायरची हवाही मोकळी सुटते.

दुकानात एक परीक्षा जरूर करा. गेज टीमध्ये हाताने फिरवून बघा. पाव इंचीतही दोन तऱ्हेचे आटे येतात, एकात इंचाला १९ आणि दुसऱ्यात १८. चुकीची जोडी दोन-तीन फेरे छान फिरते आणि मग अडकते. तिथे पाना लावून जोर केला की पितळ चिरतं, आणि चिरलेली टी दुकानदार परत घेत नाही. पुण्यात तर नाहीच नाही.

टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेनेच गुंडाळा, चार-पाच वेढे, आणि पहिला आटा मोकळा सोडा. टोकावरून लोंबणारा टेपचा तुकडा हवेबरोबर सरकून नेमका चकच्या तोंडात अडकतो. सगळं जोडल्यावर घरीच टायरला लावा, बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर भांड्याच्या साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे दिसले तर अर्धा फेरा आणखी आवळा.

गेज धरून हजाराच्या आसपास खर्च येतो. दुकान बदललं की भाव बदलतो, हे काही सांगायला नको.

६. गेज कोणतं घेऊ? शंभर-दीडशेवालं चालेल का?

किमतीपेक्षा डायलवरचा शेवटचा आकडा बघा. काट्याच्या गेजची अचूकता पूर्ण डायलच्या टक्क्यांत मोजतात. ‘क्लास २.५’ म्हणजे पूर्ण डायलच्या अडीच टक्के इकडे-तिकडे. तेच गेज ० ते १६० पीएसआयचं असेल तर चूक ४ पीएसआयपर्यंत जाऊ शकते. ० ते ६० चं असेल तर दीडपर्यंत. आपल्याला २० आणि २४ मधला फरक हवा आहे, मग १६० चं गेज काय कामाचं? ० ते ६०, किंवा किलोमध्ये ० ते ४, यापेक्षा मोठं घेऊ नका. काटा डायलच्या मधल्या भागात फिरेल असं बघा. किलोवालं घेतलंत तर एका किलोला १४.२ पीएसआय धरा.

ग्लिसरीन भरलेलं गेज मिळालं तर चांगलं, काटा थरथरत नाही. नाही मिळालं तरी अडत नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून पाने, पक्कड बिनधास्त घ्या, पण गेज नको. ते आधी किती वेळा आपटलंय हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

खात्री कशी करायची, असंही विचारतात. भरवशाच्या टायरवाल्याकडे एकाच टायरला त्याचं गेज आणि आपलं गेज लागोपाठ लावून बघा आणि फरक गेजच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. पाण्याच्या उंचीवर तपासायची एकाची कल्पना शास्त्राला धरून होती. फक्त २० पीएसआयला १४ मीटर उंच पाणी लागतं, म्हणजे नळी चौथ्या मजल्यावरून सोडावी लागेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून घ्या.

७. हवा सुटताना गेज १५ दाखवतं आणि बॉल व्हॉल्व्ह बंद केला की २४. गेज बिघडलंय का?

नाही. हवा वाहत असताना व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातच दाब खर्च होतो, त्यामुळे गेजपाशी कमी दिसतो. खरा आकडा बॉल व्हॉल्व्ह बंद करून काटा स्थिरावल्यावरच वाचायचा. बंद केल्यावरही काटा शून्याकडेच राहत असेल तर जोडणी उलटी झाली आहे: बॉल व्हॉल्व्ह टायर आणि गेजच्या मध्ये आला आहे. क्रमासाठी प्रश्न ५.

८. व्हॉल्व्हची पिनच काढली तर हवा भराभर जाते म्हणे. काढू का?

भराभर जाते हे खरं (इथे पिन म्हणजे व्हॉल्व्हच्या आत आट्यांवर बसणारा अख्खा तुकडा). जिथे काही मिनिटं लागतात तिथे मिनिटाच्या आसपास काम होतं. पंक्चरवाल्याकडची पिन काढायची चावी वीस-तीस रुपयांत मिळते. अडचण अशी की शेवटचा आटा सुटला की पिन बंदुकीसारखी उडते, आणि लाल चिखलात ती शोधणं म्हणजे दुपार घालवणं. चेहरा व्हॉल्व्हसमोर ठेवू नका. पिन आत अडकवून धरणारी तयार साधनं बाजारात आहेत; तेवढी बारीक कारागिरी घरी करायच्या भानगडीत आम्ही पडणार नाही.

काढायचीच असेल तर खिशात चार-पाच जादा पिना ठेवा. परत बसवताना चावीला दोन बोटांचाच जोर पुरे. मग पंक्चरवाला करतो तेच करायचं: बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर पडदा धरायचा. फुगा आला तर पिनच्या रबरावर मातीचा कण आहे.

९. चार नळ्या लावून चारही टायर एकदम सोडता येतील का?

येतील. पीयू नळी आणि पाच तोंडांचा मॅनिफोल्ड घेतला की चारही टायर एकमेकांना जोडले जातात आणि सगळीकडे समान दाब येतो. हीच नळी भरतानाही वापरता येते. पण तुमच्या गाडीला पुढे-मागे वेगळा दाब लागत असेल तर समान दाब हा तोटाच. एक चक सैल बसला तर चारही टायर उतरतात. आणि घाईत नळ्या तशाच ठेवून गाडी पुढे घेतली तर व्हॉल्व्ह मुळापासून उपटले जातात.

शनिवार-रविवारच्या भटकंतीला एवढा पसारा कशाला? प्रश्न ५ चा संच आणि प्रश्न ४ च्या टोप्या यांवर मजेत भागतं.

१०. ठरवलेल्या आकड्यावर आपोआप थांबणारं लेथवर बनवून घेऊ का?

तत्त्व सोपं आहे: स्प्रिंग एका छोट्या दट्ट्याला दाबून धरते, टायरचा दाब तिच्यापेक्षा जास्त असेतो हवा सुटते, कमी झाला की दट्ट्या बसतो. समजा दट्ट्या ८ मिलिमीटर व्यासाचा आहे. १८ पीएसआयला त्यावर जोर येतो साधारण ६३५ ग्रॅमचा, २० ला ७०५ चा. दोन पीएसआयचा फरक म्हणजे स्प्रिंगमध्ये जेमतेम ७० ग्रॅम. त्यात धूळ, पाणी, ओ-रिंगचं घर्षण आलं की आकडा हलतो. भोसरीतला चांगला टर्नर ते बनवून देईल, प्रश्न चार नग एकसारखे बनवण्याचा आहे. हौस असेल तर करा. पैसे वाचवायला म्हणून करू नका, आणि दर वेळी गेजने तपासाच.

११. परत भरायचं काय? कॉम्प्रेसर नाही माझ्याकडे.

मग आधी त्याची सोय, हवा नंतर सोडा. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, तोही नसेल तर पायपंप. कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावताना फ्यूजचा आकडा बघा. मोठ्या कॉम्प्रेसरला थेट बॅटरीच्या क्लिपा लागतात. इंजिन चालू ठेवा. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, पण ताम्हिणीत पंप शोधत बसावं लागतं.

अडीअडचणीला स्टेपनी कामाला येते. नळीच्या दोन्ही टोकांना चक लावले की एका टायरची हवा दुसऱ्यात जाते. दोन्ही सारख्या मापाचे असतील तर सरासरी निघते: स्टेपनीत ४० आणि चाकात १८ असेल तर दोन्ही २९ वर येतात. पुढच्या चाकाला तीच २९ वाली जोडली तर साडेतेवीस. म्हणजे एक चाक पूर्ण सावरतं, दुसरं अर्धवट. निघताना स्टेपनी जरा जास्त भरून ठेवा, फक्त साइडवॉलवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. आणि घरी पोचल्यावर ती परत भरायला विसरू नका.

१२. टायरमध्ये नायट्रोजन आहे. साधी हवा भरली तर बिघडेल?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बिनधास्त भरा.

१३. टीपीएमएस (टायरचा दाब कमी झाला की दिवा लावणारी यंत्रणा) आहे. हे सगळं चालेल का?

दिवा लागेल, तो लागलाच पाहिजे. हवा भरल्यावर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे रीसेट करा. सेन्सर टोपीसारखा बाहेरून बसवलेला असेल तर हवा सोडायला तो काढावाच लागतो. खिशात नको, डब्यात ठेवा. सेन्सर आत असेल आणि व्हॉल्व्हची नळी ॲल्युमिनियमची असेल तर त्यावर पितळी टोपी कायमची ठेवू नका. दोन धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की गंज धरतो, टोपी जाम होते, आणि पक्कड लावली की नळीच तुटते. प्रश्न ४ ची टोपी दहा मिनिटं लावून काढायला हरकत नाही. पिन बदलायची वेळ आली तर निकेल चढवलेलीच घ्या.

१४. ट्यूबचे टायर आणि मोटरसायकल?

जरा जपून. ट्यूबच्या टायरची हवा फार कमी केली की दगडावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दुसरं म्हणजे टायर रिमवर घसरून ट्यूबला बरोबर ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह रिममधून तिरका बाहेर आलेला दिसला तर तिथेच थांबा. जुन्या जीपा आणि स्पोकच्या चाकाच्या मोटरसायकली यात येतात. रोजच्या आकड्यापेक्षा पाच-सहा पीएसआय खाली, बस.

१५. पुण्याहून निघताना हवा मोजली, घाट उतरून कोकणात गेलो तर आकडा बदलला. कोणता खरा?

दोन्ही खरे. टायर तापला की दाब वाढतो: साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. सकाळी १५ अंशांवरचे ३५ पीएसआय दुपारी ४० अंशांच्या टायरमध्ये ३९ च्या पुढे जातात. उंचीचा उलटा परिणाम होतो: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे खाली उतरल्यावर गेज जेमतेम एक पीएसआय कमी दाखवतं, पण उष्णतेपुढे ते जाणवत नाही.

खरी चूक होते ती तापलेल्या टायरची हवा सोडताना. हायवेवरून थेट येऊन २२ केलेत आणि ओढ्याच्या थंड पाण्यातून गाडी गेली की तेच १९ होतात. घाई नसेल तर अर्धा तास थांबा. नाहीतर दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. परत डांबरावर आल्यावर मात्र हवा न भरता घाट चढू-उतरू नका. २० पीएसआयवर साइडवॉल सारखी दुमडते, तापते, आणि वळणावर स्टिअरिंग उशिरा ऐकतं. पंप गाठेपर्यंत ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका.

वाळूसाठी हवा सोडून कोकणच्या समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायची का, असंही याच प्रश्नासोबत हमखास येतं. नाही. पोलिस कारवाई करतात, आणि भरतीच्या पाण्यात अडकलेली गाडी काढायला कोणतंच गेज उपयोगी पडत नाही. भातखाचरांनाही तोच नियम.

१६. हवा कमी असताना टायर रिमवरून उतरला. स्प्रे मारून पेटवून बसवतात ते करू का?

करू नका. तो स्फोटच असतो, फक्त व्हिडिओत छोटा दिसतो. आत जास्त गॅस गेला तर रिम आणि टायर दोन्ही तुमच्या अंगावर येतात.

गाडी जॅकवर घ्या, कडेची माती ओल्या फडक्याने पुसा, टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा. सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा टायरच्या तळाभोवती गुंडाळून आवळा, म्हणजे कडा बाहेर ढकलल्या जाऊन रिमला टेकतील. पिन काढून कॉम्प्रेसर लावा, हवा जोरात जाईल. पहिला ‘टक्’ आवाज आला की पट्टा सैल करा. हवा भरलेल्या टायरवर आवळलेला पट्टा तुटला तर चाबकासारखा येतो. दोन्ही बाजूंचा आवाज आल्यावर हवा सोडून पिन बसवा आणि पुन्हा भरा. छोट्या कॉम्प्रेसरने कड धरतच नसेल तर स्टेपनी चढवा आणि उतरलेलं चाक गावातल्या पंक्चरवाल्याकडे न्या, त्याच्याकडे टाकीचा कॉम्प्रेसर असतो.